एकच ड्रायव्हर, अनेक प्रोसेसर

डेस्कटॉप संगणकातले ग्राफिक्स कार्ड काढून रास्पबेरी पायला लावले, तर ते चालेल का?

संगणकाची आवड असलेले विद्यार्थी हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो रास्तच आहे. कार्ड जोडायला लागणारी पीसीआय एक्सप्रेस जोडणी रास्पबेरी पाय ५ वर असते. विजेची सोय वेगळी करता येते. लिनक्स दोन्हीकडे चालते. एएमडीच्या कार्डांच्या ड्रायव्हरचा कोड तर सर्वांसाठी खुलाच आहे. मग कार्ड तेच आणि कोडही तोच असताना पडदा काळा का राहतो? २०२४ मध्ये हौशी मंडळींनी रास्पबेरी पाय ५ वर एएमडीची कार्डे चालवून दाखवली, पण त्यासाठी त्यांना कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, फेरफार करावे लागले. ते फेरफार कशासाठी लागतात, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू.

१. ड्रायव्हर कुठे असतो?

ग्राफिक्स कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो. त्याला जीपीयू म्हणतात. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला म्हणतात सीपीयू. एखादा गेम किंवा ब्राउझर "हा त्रिकोण काढ, त्यात हा रंग भर" अशी मागणी ओपनजीएल किंवा व्हल्कन या ठरलेल्या पद्धतींनी करतो. त्या मागणीच्या आज्ञा जीपीयूला समजतील अशा स्वरूपात तयार करून त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे ड्रायव्हरचे काम.

लिनक्समध्ये या कामाचे दोन भाग आहेत. वरचा भाग म्हणजे मेसा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली. प्रोग्रामच्या मागण्यांवरून जीपीयूच्या आज्ञा मेसा तयार करते. खालचा भाग कर्नलमध्ये असतो. त्याचे नाव डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, थोडक्यात डीआरएम. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, आज्ञांची रांग कशी लावायची, पडद्यावर चित्र कसे पाठवायचे हे डीआरएम पाहते. एएमडी, इंटेल, क्वालकॉम अशा अनेक कंपन्यांच्या जीपीयूंचे ड्रायव्हर या दोन छपरांखाली एकत्र नांदतात आणि बराचसा कोड वाटून वापरतात.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीपीयू कोणताही असो, ड्रायव्हर स्वतः चालतो तो सीपीयूवर. म्हणूनच सीपीयू बदलला की त्याची परीक्षा होते.

२. पुन्हा कंपाइल केले की झाले ना?

सीपीयूंची अनेक घराणी आहेत. डेस्कटॉपमध्ये एक्स८६, मोबाइलमध्ये आणि रास्पबेरी पायमध्ये एआरएम, आयबीएमच्या सर्व्हरमध्ये पॉवर. रिस्क-५ आणि चीनमधले लूंगआर्च ही त्यांतली नवी. प्रत्येक घराण्याच्या आज्ञा वेगळ्या. एकाची आज्ञावली दुसऱ्याला वाचता येत नाही.

पण ड्रायव्हर मुख्यतः सी भाषेत लिहिलेला असतो. तोच कोड एआरएमसाठी कंपाइल केला की एआरएमच्या आज्ञा तयार होतात. कोडचा फार मोठा भाग असाच, एक अक्षरही न बदलता, नव्या प्रोसेसरवर जातो. जिथे वेगासाठी एखाद्या प्रोसेसरच्या आज्ञा हाताने लिहिल्या होत्या, तिथे सी भाषेतला पर्याय ठेवावा लागतो. मेसामध्ये एकेकाळी एक्स८६ आणि स्पार्कसाठी असे हस्तलिखित भाग होते.

दुसरी अडचण कार्डावरच्या रॉममध्ये असते. संगणक सुरू होताना कार्ड जागे करणारा छोटा प्रोग्राम तिथे साठवलेला असतो, आणि परंपरेने तो एक्स८६ च्या आज्ञांत असतो. एआरएम प्रोसेसर तो चालवू शकत नाही. पूर्वी लिनक्सवर पडदा सांभाळणारा एक्स सर्व्हर यासाठी एक्स८६ ची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम सोबत बाळगत असे. एएमडीच्या कार्डांत याहून चांगली सोय आहे. कार्ड जागे करण्याच्या पायऱ्या ॲटमबायोस नावाच्या तक्त्यांत, कोणत्याही सीपीयूशी बांधील नसलेल्या सांकेतिक आज्ञांत लिहिलेल्या असतात. ड्रायव्हर त्या स्वतः वाचतो आणि एकेक करून अमलात आणतो. त्यामुळे सीपीयू कोणता, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

म्हणजे आज्ञावलीचा फरक दिसायला सर्वांत मोठा असला, तरी तो सुटतो. खरा त्रास देतात ती गृहीतके. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर एक्स८६ संगणक होता आणि त्या संगणकाचे काही गुण त्याने नकळत जगाचे नियम मानले. कोडमध्ये ते कुठेही लिहिलेले नसतात, म्हणून शोधून सापडत नाहीत. आता अशी पाच गृहीतके पाहू.

३. पहिले गृहीतक: बाइटांचा क्रम

एक केशरी ठिपका घेऊ. लाल २५५, हिरवा १२८, निळा ०, आणि ठिपका पूर्ण अपारदर्शक म्हणून चौथा आकडा २५५. हे चार बाइट मिळून एक ३२ बिटांची संख्या करतात. डावीकडून उजवीकडे अपारदर्शकता, लाल, हिरवा, निळा असा क्रम धरला, तर संख्येचे तुकडे होतात २५५, २५५, १२८, ०.

ही संख्या मेमरीत ठेवताना एक्स८६ सर्वांत लहान स्थानिक किमतीचा तुकडा आधी ठेवतो: ०, १२८, २५५, २५५. याला लिटल-एंडियन म्हणतात. जुन्या पॉवरपीसी मॅकमध्ये किंवा आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये सर्वांत मोठ्या स्थानिक किमतीचा तुकडा आधी येतो: २५५, २५५, १२८, ०. हे बिग-एंडियन.

जीपीयू मेमरीतले बाइट निळा, हिरवा, लाल, अपारदर्शकता या क्रमाने वाचतो असे समजा. एक्स८६ वर त्याला बरोबर केशरी मिळतो. बिग-एंडियन यंत्रावर त्याला निळा २५५, हिरवा २५५, लाल १२८ आणि अपारदर्शकता ० मिळते. केशरीचा फिकट आकाशी झाला आणि तोही पूर्ण पारदर्शक. कुठे चूक झाल्याचा संदेश नाही, प्रोग्राम बंद पडला नाही, फक्त चित्र चुकले.

यावर मेसाने दोन प्रकारची रंगस्वरूपे वेगळी नावे देऊन ठेवली. एका प्रकारात मेमरीतला बाइटांचा क्रम ठरलेला असतो. दुसऱ्यात संख्येतला क्रम ठरलेला असतो आणि मेमरीतला क्रम यंत्राप्रमाणे बदलतो. लिटल-एंडियन यंत्रावर हा भेद अनावश्यक वाटतो, पण तो लिहिलेला असल्यामुळेच तोच कोड मेनफ्रेमवरही योग्य रंग काढतो. मेनफ्रेमला ग्राफिक्स कार्ड नसले, तरी मेसाचा एलएलव्हीएमपाइप हा भाग जीपीयूविना, सीपीयूवरच चित्र काढतो. म्हणून रंगांचा हिशेब तिथेही चोख लागतो.

४. दुसरे गृहीतक: पेज ४ केबीचे

कर्नल मेमरीचे वाटप पेज नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत करते. एक्स८६ वर मूळ पेज ४ केबीचे. ६४ बिटांच्या एआरएमवर ते ४, १६ किंवा ६४ केबीचे ठेवता येते. रास्पबेरी पाय ५ चे नेहमीचे कर्नल १६ केबी वापरते. ॲपलच्या एम१ चिपवरही १६ केबी असते आणि अँड्रॉइड १५ पासून तोच आकार फोनांतही येऊ लागला. पॉवर सर्व्हरवर ६४ केबी नेहमीचे.

जीपीयूचे पेज मात्र वेगळे असते. एएमडीच्या कार्डांत त्याचे मूळ माप ४ केबी. आता हिशेब करू. एक्स८६ वर सीपीयूचे एक पेज म्हणजे जीपीयूचे एकच पेज. म्हणून "सीपीयूच्या प्रत्येक पेजमागे जीपीयूच्या तक्त्यात एक नोंद" असा कोड तिथे निर्धोक चालतो. तो १६ केबीच्या यंत्रावर नेला, तर एका पेजमागे चार नोंदी हव्यात आणि तो करतो एकच. प्रत्येक १६ केबीतले पहिले ४ केबी जीपीयूला दिसतात, उरलेले १२ हरवतात. ६४ केबीवर सोळापैकी पंधरा भाग हरवतील.

एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये म्हणूनच दोन वेगळी मापे आहेत. सीपीयूच्या पेजचा आकार कर्नलकडून घ्यायचा, जीपीयूचा आकार स्थिर ४ केबी धरायचा, आणि एका पेजमध्ये दुसरी किती बसतात हे भागाकाराने काढून तितक्या नोंदी करायच्या. एक्स८६ वर भागाकार १ येतो, त्यामुळे तिथे काहीच बदलत नाही.

५. तिसरे गृहीतक: रचना सगळीकडे सारखी

मेसा आणि डीआरएम एकमेकांशी बोलतात ते मेमरीतल्या ठरलेल्या तक्त्यांतून. सी भाषेत अशा तक्त्याला स्ट्रक्चर म्हणतात. समजा, एका स्ट्रक्चरमध्ये दोनच रकाने आहेत: पहिला ४ बाइटांचा, दुसरा ८ बाइटांचा. एकूण किती बाइट?

३२ बिटांच्या एक्स८६ लिनक्सवर उत्तर १२. तिथे ८ बाइटांचा रकाना चौथ्या बाइटपासून सुरू झाला तरी चालतो. ६४ बिटांच्या एक्स८६ वर उत्तर १६. तिथे ८ बाइटांचा रकाना आठाच्या पटीत सुरू झाला पाहिजे, म्हणून कंपायलर मध्ये ४ बाइट रिकामे सोडतो. ३२ बिटांच्या एआरएमवरही उत्तर १६ च येते.

आता ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा जुना गेम चालवला. गेमसोबतच्या मेसाने १२ बाइटांचे स्ट्रक्चर पाठवले, कर्नलने १६ बाइटांचे समजून वाचले. दुसऱ्या रकान्यातली किंमत भलतीच निघाली. तो रकाना मेमरीचा पत्ता असेल, तर अनर्थ ठरलेला.

उपाय साधा आहे, पण शिस्त लागते. प्रत्येक रकान्याचा आकार स्पष्ट लिहायचा, पत्ता नेहमी ६४ बिटांत पाठवायचा, आणि रिकामी जागा कंपायलरवर न सोपवता स्वतः रकाना म्हणून लिहायची. डीआरएमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या डॅनियल फेटर यांनी अशा चुका टाळण्याचे नियम लिहून काढले आणि ते आज लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांतच आहेत. या ठिकाणी शिस्तीला पर्याय नाही, कारण कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातला तक्ता एकदा प्रसिद्ध झाला की मागे घेता येत नाही. जुने प्रोग्राम त्यावर विसंबलेले असतात.

६. चौथे गृहीतक: आधी लिहिलेले आधी पोहोचते

जीपीयूला काम देताना सीपीयू दोन गोष्टी करतो. आधी मेमरीतल्या रांगेत आज्ञा लिहितो. मग कार्डावरच्या डोअरबेल नावाच्या रजिस्टरमध्ये "रांग इथपर्यंत भरली आहे" असा आकडा लिहितो. तो आकडा दिसताच जीपीयू आज्ञा वाचू लागतो.

आज्ञा पोहोचण्याआधीच डोअरबेलचा आकडा पोहोचला तर? जीपीयू रांगेतला जुना मजकूर वाचेल आणि बहुधा अडकून पडेल.

एक्स८६ प्रोसेसर साध्या मेमरीत लिहिताना लेखनाचा क्रम सहसा पाळतो. एआरएम, पॉवर आणि रिस्क-५ यांना वेगासाठी क्रम बदलण्याची मोकळीक असते. एकटा सीपीयू स्वतःचे लेखन वाचतो तेव्हा फरक जाणवत नाही, पण बाहेरून पाहणाऱ्या जीपीयूला तो जाणवतो. म्हणून दोन लेखनांच्या मध्ये "मागचे सगळे पोहोचल्याशिवाय पुढे जाऊ नको" अशी आज्ञा द्यावी लागते. तिला मेमरी बॅरियर म्हणतात. लिनक्समध्ये उपकरणाच्या रजिस्टरमध्ये लिहिण्यासाठी जी नेहमीची फंक्शने आहेत, त्यांत ही हमी अंतर्भूत असते. ती टाळून थेट पत्त्यावर लिहिले, की एक्स८६ वर वर्षानुवर्षे चाललेला कोड एआरएमवर अधूनमधून गोठतो. अधूनमधून होणारी चूक शोधायला सर्वांत कठीण.

इथे एक्स८६ खेरीज इतर प्रोसेसरांचा एक उपकारही आहे. कंपायलर स्वतः लेखनाचा क्रम बदलू शकतो, आणि एक्स८६ वरही लेखने गोळा करून एकदम पाठवणाऱ्या मेमरीत क्रमाची खात्री नसते. म्हणजे गाळलेला बॅरियर एक्स८६ वरही चूकच होता, तो फक्त उघडकीस आला नव्हता.

७. पाचवे गृहीतक: जीपीयूला ताजीच प्रत दिसते

सीपीयू मेमरीत लिहितो तेव्हा ते लेखन आधी कॅशमध्ये, म्हणजे सीपीयूच्या जवळच्या जलद साठ्यात राहते. मुख्य मेमरीत ते नंतर उतरते. मधल्या काळात जीपीयूने मुख्य मेमरी वाचली तर त्याला काय दिसेल?

डेस्कटॉप संगणकात पीसीआय एक्सप्रेसवरून आलेली मागणी सीपीयूच्या कॅशमध्येही डोकावते आणि ताजी प्रत उचलते. याला कॅश कोहेरन्सी म्हणतात. डेस्कटॉप कार्डांचे ड्रायव्हर हे गृहीत धरूनच वाढले. रास्पबेरी पाय ४ सारख्या अनेक एआरएम चिपांमध्ये पीसीआय एक्सप्रेसला ही सोय नसते. सीपीयूने आज्ञा लिहिल्या, बॅरियरही दिला, तरी जीपीयूच्या हाती जुनीच प्रत पडते. तिथे ड्रायव्हरला दोनच मार्ग उरतात. जीपीयूशी वाटून घ्यायची मेमरी सीपीयूने कॅशमध्ये न आणता वापरायची, किंवा प्रत्येक देवघेवीपूर्वी कॅश मुद्दाम मुख्य मेमरीत रिकामी करायची.

एआरएमवर आणखी एक अट आहे. कार्डावरची मेमरी उपकरणाची मेमरी म्हणून जोडली असेल, तर तिथे वाटेल त्या पत्त्यापासून वाचता-लिहिता येत नाही. ८ बाइट वाचायचे तर पत्ता आठाच्या पटीत हवा, नाहीतर प्रोसेसर काम थांबवतो. एक्स८६ असे लेखन मुकाट्याने चालवून घेतो. मेमरीतल्या मजकुराची प्रत करणारे साधे फंक्शन या अटीचा विचार करत नाही. रास्पबेरी पायवर कार्ड चालवण्याची खटपट मुख्यतः मेमरीच्या अशाच नियमांभोवती फिरली.

८. मग एकाच कोडमध्ये हे सगळे कसे मावते?

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जागोजागी "एआरएम असेल तर हे, पॉवर असेल तर ते" असे लिहीत जाणे. पाच प्रोसेसर आणि डझनभर ड्रायव्हर झाले की तो कोड कोणालाच कळेनासा होतो.

लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारी आठवा. त्याचा बेत ठरलेला असतो, पण दर वेळी घर वेगळे. प्रत्येक घराची चूल, पाणी, भांडी तो पाठ करत नाही. घरच्या माहितगाराला ठरलेले प्रश्न विचारतो: पाणी कुठून घ्यायचे, मोठे पातेले कोणते, जाळ किती मिळेल? उत्तर देणे घरच्यांचे काम, पदार्थ करणे त्याचे. लिनक्समध्ये घरचा माहितगार म्हणजे कर्नलमधला त्या त्या प्रोसेसरचा भाग. ड्रायव्हर विचारतो, "ही मेमरी उपकरणाला दाखवायची आहे, तयार कर." एक्स८६ वर त्यात जवळजवळ काहीच करावे लागत नाही. कोहेरन्सी नसलेल्या एआरएमवर कॅश रिकामी केली जाते. ड्रायव्हरला या फरकाचा पत्ताही नसतो.

डीआरएममध्ये असे एक छोटे फंक्शन आहे. "या प्रोसेसरवर लेखने गोळा करून पाठवणारी मेमरी निर्धास्त वापरता येईल का?" एवढेच त्याला विचारायचे. एक्स८६ साठी उत्तर होकारार्थी, एआरएम आणि चिनी लूंगसन प्रोसेसरांसाठी नकारार्थी. एएमडीचा ड्रायव्हर त्या उत्तराप्रमाणे वागतो. प्रोसेसरांची नावे एका जागी राहिली, बाकी कोड स्वच्छ राहिला.

असा प्रश्न नंतर घडवता येतो, याचे चांगले उदाहरण दशांश गणिताचे. कर्नलमध्ये दशांश संख्या सहसा वापरत नाहीत, कारण चालू प्रोग्रामची दशांश रजिस्टरे आधी जपून ठेवावी लागतात. एएमडीच्या नव्या कार्डांना मात्र पडद्यासाठी किती मेमरी-वेग लागेल हे काढताना दशांश गणित लागते. रजिस्टरे जपण्याची रीत प्रत्येक प्रोसेसरवर वेगळी, म्हणून त्या ड्रायव्हरमध्ये एक्स८६, पॉवर, एआरएम यांच्यासाठी वेगवेगळ्या शाखा साचल्या. रिस्क-५ साठी शाखाच नव्हती. त्यामुळे रिस्क-५ संगणकांवर एएमडीची जुनी रेडिऑन कार्डे चालत आणि नव्या कार्डांची पडद्याची बाजू अडे. २०२४ मध्ये लिनक्स ६.१० मध्ये सर्व प्रोसेसरांसाठी एकच समान फंक्शन आले. ड्रायव्हरमधल्या शाखा गेल्या, कोड कमी झाला आणि रिस्क-५ ला वाट मिळाली.

उलट बाजू इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये दिसते. इंटेलचे जीपीयू अनेक वर्षे इंटेलच्याच सीपीयूसोबत यायचे, म्हणून एक्स८६ ची कॅश-आज्ञा थेट वापरण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. २०२२ मध्ये आर्क नावाची सुटी कार्डे आली. सुटे कार्ड कोणत्याही यंत्रात बसू शकते. जुनी गृहीतके एकेक करून काढणे जड होते. मार्च २०२४ मध्ये लिनक्स ६.८ सोबत एक्सई हा नव्याने बांधलेला ड्रायव्हर आला, ज्यात डीआरएमचा सामायिक कोड अधिक वापरला आणि इतर प्रोसेसरांचा विचार सुरुवातीपासून केला.

९. हे टिकते कसे?

आज नीट केलेला कोड उद्या कोणीतरी नकळत बिघडवतो, कारण त्याच्याही टेबलावर बहुधा एक्स८६ च असतो. म्हणून मेसामध्ये प्रत्येक बदल स्वीकारण्याआधी यंत्रे आपोआप तो तपासतात. पॉवर आणि मेनफ्रेमसाठीही कोड कंपाइल होतो, आणि एआरएम बोर्डांवर प्रत्यक्ष चित्रे काढून ती अपेक्षित चित्रांशी ताडली जातात. ज्या प्रोसेसरवर तपासणी होत नाही, त्याला पाठिंबा आहे हे म्हणणे फार दिवस खरे राहत नाही.

१०. याने आपल्याला काय मिळते?

नवा प्रोसेसर घडवणाऱ्यापुढे मोठा प्रश्न असतो तो सॉफ्टवेअरचा. लूंगआर्च २०२२ मध्ये लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये आले आणि एएमडीचा ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने लिहावा लागला नाही. भारतात आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे रिस्क-५ प्रोसेसर आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने डीआयआर-व्ही कार्यक्रमातून या वाटेला पाठबळ दिले. असा प्रोसेसर उद्या ग्राफिक्स कार्डाला जोडला जाईल, तेव्हा मेसा आणि डीआरएममधले तीन दशकांचे काम त्याला आयते मिळेल. अट एकच: त्या कोडमधले प्रत्येक गृहीतक कोणीतरी ओळखून त्याचा प्रश्न केलेला असावा.

हे काम पुण्या-मुंबईतला किंवा सावंतवाडीतला विद्यार्थीही करू शकतो. कोड खुला आहे आणि रास्पबेरी पायसारखे छोटे यंत्र पुरेसे आहे. ड्रायव्हरची कोणतीही फाइल उघडून पाच गोष्टी विचाराव्यात. इथे बाइटांचा क्रम गृहीत धरला आहे का? पेज ४ केबीचे मानले आहे का? स्ट्रक्चरमध्ये रिकामी जागा लपली आहे का? लेखनाच्या क्रमाची हमी कोणी दिली? जीपीयूला ताजी प्रत मिळते ती कोणाच्या भरवशावर? यातल्या एखाद्या प्रश्नाला कोडमध्ये उत्तर सापडले नाही, तर दुरुस्तीची जागा सापडली असे समजावे.